मुद्रादोषाचे दोन गुण

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गायन-वादन स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. झरीसारख्या गावात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकास असे योग सहसा टाळता येत नाहीत. स्पर्धेत नववीतल्या एका मुलाने पेटीवर यमन वाजविला. बोटे अतिशय स्वच्छ, गती थक्क करणारी, चेहरा देवघरातल्या समईसारखा निश्चल. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर सातवीतला एक मुलगा खांद्यावर घोंगडी टाकून उभा राहिला आणि त्याने नाथांचे विंचवाचे भारूड म्हटले. म्हटले, हा शब्द अपुरा आहे. नांगी लागल्याबरोबर त्याची मान एका बाजूला वळली, तोंड वासले, डोळे वर गेले, आवाज फाटून एकदम वरच्या सप्तकात गेला आणि तिथून गडगडत खाली आला. पुढच्या सतरंजीवरची मुले आधी खदखदून हसली. मग ती गप्प झाली. एक लहानगी रडू लागली, तिला उचलून बाहेर न्यावे लागले.

परीक्षकांच्या हाती जो तक्ता दिला होता त्यात स्वर, लय, शब्दोच्चार यांच्या जोडीला 'मुद्रा' असा एक रकाना होता. या मुलाचे दोन गुण मी त्या रकान्यात कापले आणि शेऱ्याच्या जागी 'मुद्रादोष टाळावा' असे लिहिले. त्या दोन गुणांनी त्याचा तिसरा क्रमांक हुकला. पेटीवाला मुलगा पहिला आला. नियमाप्रमाणे सारे यथास्थित झाले आणि तरीही रात्री घरी परतताना मला स्वस्थता नव्हती. यमन कसा वाजला हे मला आठवेना. विंचू मात्र डोळ्यांपुढून हलेना.

हा 'मुद्रादोष' आपल्याकडे आला कुठून? त्याचा उगम शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे एक अधिकारी होते. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावलेले. दरबारातील त्यांचे काम हिशेबाचे होते. आजच्या भाषेत मुख्य लेखापालाचे म्हणावे. कचेरीत आकडेमोड करणाऱ्या आमच्या बंधूंनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, कारण याच हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला आणि उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन्ही संगीतपरंपरांनी तो आजवर शिरोधार्य मानला. त्याच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नावाच्या अध्यायात गायकांचे पंचवीस दोष नोंदलेले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. भयानक रीतीने तोंड वासणारा तो कराली. कावळ्यासारखा कर्कश तो काकी. उंटासारखी मान वर काढणारा तो करभ. ज्याच्या कपाळावरच्या, चेहऱ्यावरच्या आणि मानेवरच्या शिरा तट्ट फुगतात तो झोंबक, ज्याचा गळा भोपळ्यासारखा फुगतो तो तुंबकी. मान वाकडी करणारा, हातपाय पसरणारा, डोळे मिटून घेणारा, कुणालाही सवलत नाही. शेवटच्या दोन कलमांखाली पंडित भीमसेन जोशी यांचे किती गुण कापावे लागले असते, याचा विचार करून मला हसू आले. पण त्या विनोदाने माझा प्रश्न सुटला नाही.

ही यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ग्रंथातील गायकगुणांचे वर्णन जितके सात्त्विक आणि गोड, तितकेच हे दोषांचे वर्णन जिवंत आणि चटकदार आहे. उंट, कावळा, बोकड, भोपळा, फुगलेल्या शिरा, वासलेली तोंडे! एखाद्या कुशल चित्रकाराने विद्रूपांची चित्रशाळा उभी करावी तसा हा भाग आहे. शार्ङ्गदेवांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे आणि ते पाहताना त्यांना थोडी मौज वाटली असावी, असा माझा कयास आहे. त्यांनी त्याला दाराबाहेर ठेवले, एवढेच.

आणि त्याच यादवकाळातल्या पाथरवटांनी काय केले? जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी देवळे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हेमाडपंती शैलीचा परिचय असेलच. या शैलीच्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कीर्तिमुखे कोरण्याचा प्रघात होता. बाहेर आलेले डोळे, फाकलेला जबडा, धडाचा पत्ता नाही. देवापाशी जायचे तर या कराल तोंडावरून पाऊल टाकून जावे लागते. विद्रूपाला शिल्पाने उंबऱ्यावर मानाची जागा दिली, आणि गळ्याने मात्र त्याला दोषांच्या यादीत घातले. भरताचे नाट्यशास्त्र याहून उदार होते. त्यात बीभत्स हा रस आहे, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा आहे, भयानकाची उत्पत्तीही बीभत्सापासूनच सांगितली आहे, आणि धैवत हा स्वर या दोन रसांकडे सोपविला आहे. पुढे ख्यालगायकीच्या बैठकीत शृंगार, करुण, शांत, क्वचित वीर हे रस पाट मांडून बसले. बीभत्साला तिथे कुणी या म्हटले नाही. तो बहुरूप्याकडे, गोंधळ्याकडे, भारुडातल्या सोंगांकडे गेला. म्हणजे अशा लोकांकडे, की ज्यांच्या सुराला 'तयारी' आहे असे कुणी म्हणत नाही.

इथे मला पियानोची आठवण होते. झरीत पियानो नाही, आणि नसल्याचे कुणाला दुःखही नाही. पण विद्यार्थिदशेत, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका मित्राच्या घरी ऐकलेली एक ध्वनिमुद्रिका आयुष्यभर मनात राहिली. आता तीच रचना भ्रमणध्वनीवर केव्हाही ऐकता येते. फ्रान्झ लिस्ट या हंगेरीत जन्मलेल्या पियानोवादकाची ती रचना, नाव 'टोटेनटान्झ', म्हणजे मृत्यूचे नृत्य. 1849 साली तिचा पहिला खर्डा पुरा झाला. नंतर लिस्टने तिच्यावर अनेकदा हात फिरविला आणि 1865 साली ती हेग येथे प्रथम वाजली. आरंभी पियानोच्या अगदी खालच्या टोकाला घणाचे घाव पडावेत तसे स्वरसमूह आदळू लागतात. त्या खोलीवर स्वर ओळखू येत नाही, लोखंडाचा आणि लाकडाचा धक्का तेवढा कानी पडतो. त्यावर वाद्यवृंदातून 'डिएस इरे' हे ख्रिस्ती मठांत मृतांसाठी गायिले जाणारे जुने स्तोत्र उठते, आणि मग पियानो त्या पवित्र स्तोत्राची एकामागून एक सोंगे घेऊ लागतो. कुठे नखाने साऱ्या पट्ट्यांवरून सर्रकन ओरखडा काढावा तशी घसीट, कुठे एकच सूर हाडे खुळखुळावीत तसा पुनःपुन्हा, कुठे मध्येच एखाद्या चॅपेलातल्यासारखी शांत प्रार्थना, आणि पुन्हा सगळ्याचा चुराडा. पहिल्यांदा ऐकताना मी हसलो होतो. नंतर हसू आले नाही.

हे लिस्टला कसे सुचले? एक कारण यंत्राचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात पियानो बदलला. 1821 साली पॅरिसच्या एरार या कारागिराने अशी यंत्रणा काढली, की एकदा दाबलेली पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजविता यावा. हळूहळू लाकडी चौकटीला लोखंडाचा आधार मिळाला, तारा जाड झाल्या, पल्ला सात सप्तकांवर गेला. आपला गायक तीन सप्तके फिरला तर आपण त्याची आरती ओवाळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाद्याच्या दोन टोकांमधले अंतर किती अमानुष आहे ते कळेल. अमानुष हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. त्या टोकांना माणसाचा गळा कधीच पोहोचत नाही. खाली पुरलेले काहीतरी गुरगुरते, वर काच तडकते. आल्काँ या लिस्टच्या समकालीन फ्रेंच वादकाची 1847 सालची एक छोटी रचना आहे, 'समुद्रकाठच्या वेडीचे गाणे'. तीत डावा हात तळाशी जड लाटा हलवितो, उजवा हात पार वरच्या टोकाला एक किरकिरी चाल म्हणतो, आणि मधला सारा मुलूख, जिथे माणसे बोलतात तो, ओस. रचनेत अवघड असे फारसे काही नाही, पण अंगावर काटा येतो.

दुसरे कारण विचाराचे. 1827 साली व्हिक्टर ह्यूगोने आपल्या 'क्रॉमवेल' या नाटकाला मोठी प्रस्तावना जोडली. केवळ उदात्ताने नव्या काळाची कला उभी राहणार नाही, उदात्ताच्या शेजारी विद्रूपाला, ज्याला पाश्चात्त्य 'ग्रोटेस्क' म्हणतात त्याला, बसविले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. पाच वर्षांनी, 1832 साली, वीस वर्षांच्या लिस्टने पॅरिसमध्ये पागानिनीचे व्हायोलिन ऐकले. पागानिनीचा देह कृश, चेहरा प्रेतासारखा, आणि त्याने सैतानाशी सौदा केला आहे अशी लोकांत बोलवा. लिस्ट घरी जाऊन तासन्‌तास बोटे घासू लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्याने पागानिनीची कसरत उचलली तशीच त्या कसरतीभोवतीची भीतीही उचलली. कौशल्य एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे ते सुंदर राहत नाही, ते पाहणाऱ्याला माणसाविषयीच शंका येऊ लागते, हे त्याने ओळखले. व्यंगचित्रकारांनी लिस्टला अनेक हातांचा काढला. आपल्याकडे अनेक हातांच्या मूर्तीपुढे आपण नारळ फोडतो, तिकडे त्याची थट्टा झाली. पण दोन्हीकडे मुळाशी तोच अचंबा आहे, की हे दोन हातांचे काम नव्हे.

यावर माझे सुविद्य मित्र म्हणतील, की लिस्टची निम्मी रचना नुसती आतषबाजी आहे. मान्य. निम्मी नव्हे, त्याहूनही थोडी जास्त. राजवाड्यांतल्या दिवाणखान्यांत बायकांनी हातमोजे फाडावेत म्हणून लिहिलेले कितीतरी पान त्यात आहे. पण विद्रूपाची कला आणि विद्रूपाचा देखावा यांतील फरक त्यानेच आपल्याला शिकविला आहे. 1854 साली त्याने 'फाउस्ट' या विषयावर वाद्यवृंदासाठी एक मोठी कृती रचली आणि पुढे ती दोन पियानोंसाठीही उतरविली. तिच्या पहिल्या भागात फाउस्ट या विद्वानाचे सूर येतात, दुसऱ्यात त्याच्या प्रेयसीचे. तिसरा भाग सैतानाचा, मेफिस्टोचा. आणि त्या सैतानाला लिस्टने स्वतःची म्हणावी अशी चाल जवळजवळ दिलेलीच नाही! तो फाउस्टचेच सूर घेतो, त्यांच्या माना मुरगाळतो, त्यांना वेडावून दाखवितो. प्रेयसीच्या सुरांना मात्र त्याला हात लावता येत नाही. सैतानाजवळ स्वतःचे काही नसते, तो फक्त दुसऱ्याचे विकृत करू शकतो, हा विचार मोठमोठ्या प्रवचनकारांना तास तास बोलून सांगता आला नसता. लिस्टने तो सुरांत सांगितला.

मराठी रंगभूमीने हे केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' 1967 साली आले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या नाटकात एकच पद पंडितजींच्या गायकीत येते आणि पुढे खाँसाहेबांच्या गायकीत येते. शब्द तेच. पहिल्यात ठेहराव आहे. दुसऱ्यात तेच शब्द झपाट्याने उचलले जातात, तानांच्या चाबकाने फटकारले जातात. वसंतरावांच्या गळ्यातल्या त्या अनपेक्षित उड्या आणि झेपा ऐकताना प्रेक्षागृह 'वाहवा' म्हणत असे आणि त्याच वेळी त्याला भीतीही वाटत असे. ज्याच्या हाती एक खून माफ असलेली कट्यार आहे असा हा गवई आहे, हे त्या तानांतूनच कळे. ते वेगळे सांगावे लागत नसे. आपल्या संगीतात बीभत्सभयानकाला उंबरा ओलांडू दिल्याचे माझ्या आठवणीतले हे सर्वांत ठळक उदाहरण. पण ते नाटक होते. बैठकीत हेच कुणी केले असते तर जाणत्यांनी 'कसरत' म्हणून नाके मुरडली असती. आवडले तर 'तयारी', न आवडले तर 'कसरत', असा आपला शब्दकोश आहे.

मग विंचवाकडे परत यावे लागते. नाथांचा विंचू हा काही केवळ हसविण्यासाठी आणलेला प्राणी नाही. तो काम-क्रोधाचा विंचू आहे, त्याची वेदना अंगभर चढते आणि तिला उतार सत्त्वगुणाचा आहे, हे लहान मुलालाही पाठ असते. आता ही वेदना निश्चल चेहऱ्याने, समेवर अचूक येऊन, शुद्ध आकारात गायची म्हणजे काय करायचे? ज्याला विंचू चावला त्याची मान सरळ कशी राहील? सोळाव्या शतकातल्या पैठणच्या त्या महापुरुषाने वाघ्या, जोशी, भुत्या, वेडी अशी सोंगे परमार्थासाठी निवडली ती विद्रूपाची शक्ती ठाऊक होती म्हणूनच. सोंग घेणाऱ्याच्या देहात विकार दिसला पाहिजे, तो हास्यास्पद वाटला पाहिजे, आणि हसता हसता ऐकणाऱ्याला तो आपल्याच अंगावर चढताना जाणवला पाहिजे. त्या रडणाऱ्या मुलीला तो जाणवला होता. तिला 'मुद्रा'चा रकाना ठाऊक नव्हता.

याचा अर्थ मुलांनी गाताना वेडीवाकडी तोंडे करावीत, असा कृपा करून कुणी घेऊ नये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलांना बैठकीची शिस्त लागली, हा पलुस्करांच्या परंपरेचा मोठाच उपकार आहे. यमनाच्या आलापात कराली तोंड हा दोषच, आणि शार्ङ्गदेवांचा निवाडा तिथे कायम राहो. माझी तक्रार आहे ती एकाच फूटपट्टीने सगळे मोजण्याबद्दल. आज दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याने आपल्या मुलांपुढे गतीचा आदर्श ठेवला आहे. दहा-बारा वर्षांची मुले अशा ताना घेतात, की ऐकणाऱ्याचा श्वास अडावा, आणि घेताना गोड हसतात. त्या हसण्याने मला अलीकडे अस्वस्थ वाटते. सारे धोके काढून टाकलेले हे कौशल्य आहे. लिस्टच्या काळच्या श्रोत्याला त्या गतीची भीती वाटे. आपल्याला तिचे गुण देता येतात.

ज्या पेटीवर त्या मुलाने यमन वाजविला, तीही मूळची लिस्टच्याच शहरातली. हार्मोनियमचे पेटंट दबाँ नावाच्या कारागिराने 1842 साली पॅरिसमध्ये घेतले, आणि पुढे कलकत्त्यात हाताच्या भात्याची होऊन ती गावोगावच्या भजनी मंडळांत पोहोचली. आमच्या गावातही ती आहे. एके संध्याकाळी तिथल्या एका वयोवृद्ध भजनी बुवांना मी 'टोटेनटान्झ' भ्रमणध्वनीवर ऐकविले. नाव सांगितले नाही, अर्थही सांगितला नाही. ते डोळे मिटून बसले (निमीलक!), मधल्या शांत प्रार्थनेपाशी त्यांनी मान डोलावली, नंतरच्या घावांपाशी एकदा दचकले. संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "सर, हे कोणाचं सोंग हो?"

मी मृत्यूचे म्हणून सांगितले. "तरीच," म्हणाले, आणि पेटीचा भाता बांधून ठेवू लागले.

यंदाच्या स्पर्धेसाठी त्या शाळेकडून पुन्हा निमंत्रण आले आहे. सोबत गुणांचा तक्ता जोडला आहे, तोच, चार रकान्यांचा. येतो, पण भारुडासाठी 'मुद्रा'चा रकाना कोरा ठेवण्याची परवानगी असावी, असे मी कळविले आहे. विंचवाचे भारूड म्हणणारा मुलगा आता आठवीत आहे. तो यंदा नाव देणार आहे की नाही, याचीही त्याच पत्रात चौकशी केली. अद्याप उत्तर आलेले नाही.